चिठ्ठीवरची एकच ओळ

गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी भिरभिरी विकणारे फिरतात. बांबूच्या काठीला खोचलेली रंगीत कागदाची चाकं, वारा आला की सगळी एकदम गरगरतात. तसंच एक भिरभिरं लहान मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांच्या खणात पडलेलं असतं. ते खेळण्यासाठी नसतं. एका विशिष्ट आजारात दोन-तीन मिनिटांत निदान करणारं इतकं स्वस्त उपकरण वैद्यकशास्त्रात दुसरं क्वचितच असेल.

समजा, लालबागच्या एखाद्या चाळीतली सात वर्षांची मुलगी आहे. शाळेतून तक्रार येते की हिचं लक्ष नसतं. शुद्धलेखनाच्या वहीत वाक्याच्या मधलेच शब्द गायब असतात. घरी जेवताना घास हातात धरून कुठेतरी बघत बसते. आई म्हणते टीव्हीचा परिणाम, आजी म्हणते दृष्ट लागली. डॉक्टर तिच्या हातात भिरभिरं देतात आणि सांगतात, ‘मी थांब म्हणेपर्यंत फुंकत राहायचं हं.’ एक मिनिट जातं, दीड मिनिट जातं. मग फुंकर थांबते. चाक मंदावत उभं राहतं. मुलीचे डोळे उघडेच असतात, पापण्या हलकेच फडफडतात. आई हाक मारते, उत्तर नाही. सात-आठ सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागते, मध्ये काही घडलंच नाही अशी. तिच्या लेखी खरोखरच काही घडलेलं नसतं. ते सेकंद तिच्या आयुष्यातून वजा झालेले असतात, शुद्धलेखनातल्या त्या शब्दांसारखे.

जोरजोरात श्वास सोडल्यावर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या पेशी जास्त उतावळ्या होतात. ज्या मेंदूत झटका दबा धरून बसलेला आहे, तिथे तो बाहेर यायला एवढं निमित्त पुरतं. जमिनीवर कोसळणं नाही, फेस नाही, हातपाय झाडणं नाही, तरीही हा अपस्मारच. आपण फिट म्हणतो, आकडी म्हणतो, फेफरं म्हणतो. पण चरकसंहितेतला ‘अपस्मार’ हा शब्द या मुलीला जास्त लागू पडतो. अपस्मार म्हणजे स्मृती निघून जाणं. फक्त तेवढंच, आणि काही सेकंदांपुरतंच.

त्या सेकंदांत आत काय चालतं, ते पाहायची सोय झाली जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरमुळे. त्याने १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख काढला आणि पाच वर्षं स्वतःवरच शंका घेत बसून १९२९ साली तो छापला. १९३५ साली अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी अशा ‘हरवणाऱ्या’ मुलांचे आलेख काढले. एरवी बारीक, अस्ताव्यस्त, कुणाचा कुणाला पत्ता नाही अशा वळवळणाऱ्या रेघा. आणि मूल हरवलं की त्याच क्षणी सगळ्या रेघा एकासारख्या एक. एक टोक, एक लाट, एक टोक, एक लाट, सेकंदाला तीन वेळा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकदम. मूल परत आलं की पुन्हा सगळा गोंधळ सुरू.

इथे आपली नेहमीची समजूत उलटी होते. झटका म्हणजे मेंदूतला गोंधळ असं आपण धरून चालतो. खरं तर गोंधळ ही निरोगी मेंदूची रोजची स्थिती आहे. सुमारे ८६ अब्ज पेशी, प्रत्येकीचं आपलं काहीतरी वेगळं चाललेलं. ऑगस्टमध्ये लालबाग-परळच्या रस्त्यांवरून गणपतींचं आगमन होतं, तेव्हा ढोल-ताशा पथकाची सगळी गंमत एका ठोक्यात असते; शंभर हात एका वेळी पडले की छातीत धडधडतं. मेंदूचं नेमकं उलट. तिथे प्रत्येकाने आपापला ठोका आपापल्या वेळी दिला तरच विचार, बोलणं, बघणं, शुद्धलेखन होतं. सगळ्यांनी एकच ठेका धरला की काम बंद. या मुलीच्या बाबतीत ठेका धरतात ते दोघं जण: मेंदूचा वरचा थर आणि खोलवरचा थॅलॅमस. दोघं एकमेकांना टाळी देत राहतात आणि बाकीच्या घराला त्यात खेचून घेतात.

आता डॉक्टर चिठ्ठी लिहितात. एकच ओळ. एक औषध, सुरुवातीला थोडं, दर आठवड्याला किंचित वाढवत. आजी चिठ्ठी उलटीपालटी करून बघते. ‘फक्त एकच?’

तिचा प्रश्न साधा नाही. साध्या खोकल्याला आपल्याकडे चार रंगांच्या गोळ्या मिळतात. मेंदूच्या आजाराला एक म्हणजे डॉक्टरांनी हात आखडता घेतला असंच वाटणार. गंमत म्हणजे फार काळ डॉक्टरांनाही असंच वाटत होतं.

अपस्मारावरचं पहिलं खऱ्या अर्थाने चालणारं औषध म्हणजे ब्रोमाइड. १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी त्याचा उल्लेख केला. झटके कमी व्हायचे, पण माणूस झोपाळू, सुस्त, अंगावर पुरळ. मग १९१२. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर अपस्माराच्या रुग्णांच्या वॉर्डच्या वर राहत होता. रात्री रुग्णांना झटके यायचे, कुणी खाटेवरून पडायचं आणि याची झोप उडायची. ते शांत झोपावेत म्हणून त्याने नवं आलेलं झोपेचं औषध, फिनोबार्बिटल, देऊन पाहिलं. झोप मिळालीच, शिवाय दिवसाचे झटकेही कमी झाले. झोपमोड झाली म्हणून लागलेला शोध. हाउप्टमान ज्यू होता. १९३८ साली नाझींनी त्याला डाखाउच्या छळछावणीत टाकलं, सुटल्यावर तो अमेरिकेला गेला. त्याचं औषध मात्र आजही जगभर दिलं जातं. आपल्याकडे कित्येक घरांत त्याला अजून ‘गार्डिनल’ म्हणूनच ओळखतात. १९३८ सालीच बॉस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांवर विजेच्या धक्क्यांनी चाचण्या घेऊन फेनिटॉइन शोधलं. झोप न आणताही झटका थांबवता येतो, हे तेव्हा प्रथम कळलं. आपल्याकडची ‘एप्टॉइन’ ती हीच.

दोन औषधं हाताशी आल्यावर माणूस जे करतो तेच डॉक्टरांनी केलं: दोन्ही द्यायची. दोघांची मिळून एकच गोळीही बाजारात आली. झटका पुन्हा आला की तिसरं, मग चौथं. प्रत्येक झटक्यानंतर चिठ्ठी एका ओळीने लांबायची आणि कोणतीच ओळ कधी खोडली जायची नाही. घरात माळ्यावर सामान चढतं तसं. वर जातं, खाली येत नाही.

हा माळा आवरायला घेतला लंडनच्या एडवर्ड रेनल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९७६ साली रेनल्ड्स, चॅडविक आणि गॅलब्रेथ यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की नव्या रुग्णांना फक्त फेनिटॉइन द्या, पण रक्तातलं प्रमाण मोजून पुरेसं द्या, बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. पुढे सायमन शोर्व्हन आणि रेनल्ड्स यांनी उलटा प्रयोग केला. आधीच दोन-तीन औषधांवर असलेल्या रुग्णांची औषधं एकेक करून काढली. झटके वाढतील अशी भीती होती. बहुतेकांचं एका औषधावर निभावलं, कित्येकांचे झटके उलट कमी झाले, आणि माणसं जास्त जागी, जास्त हुशार दिसू लागली. औषध वजा करून रुग्ण सुधारतो, हे पचायला वैद्यकाला बरीच वर्षं लागली.

दोन औषधं एकत्र आली की बेरीज का होत नाही? कारण यकृतात ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. फिनोबार्बिटल यकृताला जादा कामगार लावायला भाग पाडतं, आणि ते कामगार बाजूच्या औषधाचाही फडशा पाडतात. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध उलट कामगारांना बसवून ठेवतं, मग फिनोबार्बिटल साचत जातं आणि मूल पेंगतं. अशा वेळी मूल पेंगलं ते कुणामुळे, अंगावर पुरळ आलं ते कुणामुळे, झटका थांबला तो कुणामुळे, काहीच सांगता येत नाही. एकच औषध असलं तर श्रेय आणि दोष दोन्ही त्याच्याच माथी. मला या आजारातल्या एक-औषध पद्धतीचं सगळ्यात मोठं मोल हेच वाटतं. ती काटकसर नाही. उत्तर वाचता येईल असा प्रश्न विचारायची ती पद्धत आहे.

आकडेही आजीला सांगण्यासारखे आहेत. ग्लासगोमध्ये पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रोडी यांनी कधीच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांचा पाठपुरावा करून २००० साली निष्कर्ष छापले. पहिल्याच औषधावर ४७ टक्क्यांचे झटके पूर्ण थांबले. त्याऐवजी दुसरं किंवा तिसरं औषध दिल्यावर आणखी १४ टक्क्यांचे थांबले. दोन औषधं एकत्र देऊन थांबले ते फक्त ३ टक्क्यांचे. उरतात त्यांची वाट अवघड असते. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, विशेष आहार असे वेगळे उपाय असतात, आणि त्यांच्या आईवडिलांना ‘एकच गोळी बास’ असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. पण सुरुवात करताना एक, हेच शहाणपण.

एवढीशी गोळी मेंदूतली वीज कशी थांबवते, आणि थांबवते तर मूल गणितं कसं सोडवतं? पेशीच्या पडद्यावर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतो आणि पेशी ठोका देते. मग दार मिटतं आणि क्षणभर विश्रांती घेतं. त्या क्षणात कितीही ढकललं तरी ते उघडत नाही. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन या औषधांचे रेणू नेमके या विसावलेल्या दाराला चिकटतात आणि त्याचा विसावा लांबवतात. सेकंदाला चार-दोन ठोके देणाऱ्या पेशीला याचा पत्ताही लागत नाही. पुढचा ठोका द्यायची वेळ येईपर्यंत दार मोकळं झालेलं असतं. पण सेकंदाला शेकडो ठोके मारत सुटलेल्या पेशीला दार दर वेळी अडलेलंच सापडतं. गणपतीच्या रांगेतला कार्यकर्ता चालत येणाऱ्याला अडवत नाही, रेटा देणाऱ्याला अडवतो, तसं. या औषधाला आजारी पेशी कोणती आणि चांगली कोणती हे ठाऊक नसतं. त्याला फक्त वेग कळतो. आणि तेवढं कळणं पुरतं.

आपल्या मुलीचं दार मात्र वेगळं. थॅलॅमसमधली कॅल्शियमची दारं ही तिची अडचण, आणि त्यासाठी इथोसक्सिमाइड हे औषध आहे. अमेरिकेत अशा ४५३ मुलांवर तीन औषधांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१० साली आले. इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही निम्म्याहून अधिक मुलांना लागू पडली, लॅमोट्रिजिन मागे पडलं. बरोबरीच्या त्या दोघांत निवड कशावर केली? मुलांच्या एकाग्रतेवर. इथोसक्सिमाइड घेणाऱ्या मुलांचं चित्त कमी विचलित होत होतं. ज्या मुलीला ‘लक्ष नसतं’ म्हणून आणलं, तिचे झटके थांबवून लक्ष पुन्हा घालवण्यात काय अर्थ?

व्हॅल्प्रोएटची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हे द्रव्य १८८२ साली बर्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं, आणि पुढची ऐंशी वर्षं ते प्रयोगशाळेत विरघळवणी म्हणून पडून होतं. पाण्यात न विरघळणाऱ्या गोष्टी त्यात विरघळायच्या, एवढीच त्याची लायकी. १९६२ साली फ्रान्समध्ये पिएर एमार दुसऱ्याच संयुगांची चाचणी घेत होते. ती विरघळेनात, म्हणून त्यांनी हे वापरलं. आश्चर्य म्हणजे जे संयुग घालावं ते झटका थांबवायचं. इतकी सगळी औषधं एकदम गुणकारी कशी? शेवटी लक्षात आलं, गुण त्या संयुगांचा नव्हताच. सरबतातल्या पाण्याने ताप उतरावा तसा प्रकार. १९६७ सालापासून ते फ्रान्समध्ये औषध म्हणून विकलं जाऊ लागलं.

म्हणजे औषध एकच द्यायचं असलं तरी ते कोणतं, ही खरी परीक्षा. गणेशोत्सवाच्या दहा रात्री जागलेला लालबागचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घ्या. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून उडतो. दात घासताना ब्रश निसटतो. घरचे म्हणतात, झोप झाली नाही, धांदरट झालाय. मग एक दिवस मोठी फिट येते. सकाळचे ते बारीक झटके विचारून घेतले नाहीत आणि त्याला कार्बामॅझेपिन दिलं, तर झटके वाढतात. जे औषध शेजारच्या मुलाला बरं करतं, तेच याला बिघडवतं. याला व्हॅल्प्रोएट लागतं, बऱ्याचदा अगदी थोडं. पण त्याच्या जागी मुलगी असेल तर डॉक्टरांचा हात अडखळतो. पुढे गरोदरपणात व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला इजा करू शकतं, म्हणून शक्य असेल तिथे लेव्हेटिरासेटामसारखं दुसरं काही शोधतात. आज दहावीत असलेल्या मुलीच्या चिठ्ठीत, अजून कुणाच्या स्वप्नातही नसलेल्या बाळाचा विचार असतो.

आणि कधी उत्तर एकापेक्षाही कमी असतं. कारणाशिवाय पहिलीच फिट आली, तर सुमारे निम्म्या मुलांना दुसरी येतच नाही; म्हणून बहुधा रोजचं औषध लगेच सुरू करत नाहीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात येणारी आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. आणखी एक प्रकार तर मुदत घेऊन जन्मतो: सात-आठ वर्षांच्या मुलाचा झोपेत एका बाजूचा गाल उडतो, लाळ गळते, बोलता येत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत हा आजार आपणहून निघून जातो. पुष्कळदा डॉक्टर फक्त वाट पाहतात.

वाट पाहणं घरच्यांना जड जातं. म्हणून कांदा हुंगवतात, नाकाशी चामड्याची चप्पल धरतात. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबतात; कांदा शोधून, फोडून, नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ होतोच, आणि यश कांद्याच्या नावावर जमा होतं. त्यापेक्षा मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात चमचा-बोट काही घालू नये आणि घड्याळाकडे बघावं. पाच मिनिटं उलटली तर हॉस्पिटल गाठावं.

परळमध्ये राहणाऱ्यांना हॉस्पिटल दूर नाही. १९२६ साली केईएम आणि १९२९ साली लहान मुलांसाठीचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, दोन्ही एका हाकेच्या अंतरावर, गिरणगावाच्या ऐन मध्यात उभी राहिली. केईएममधले डॉ. एडी भरुचा हे भारतातल्या मेंदूविकारशास्त्राच्या पहिल्या पिढीतले. १९७० साली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली तिच्यामागे त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या आणि डॉ. नादिर भरुचा यांच्या चमूने मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० माणसांची पाहणी केली. १९८८ साली ती प्रसिद्ध झाली: हजारी ४.७ जणांना आयुष्यात कधी ना कधी अपस्मार झालेला. म्हणजे दोन-अडीचशे बिऱ्हाडांच्या चाळीत चार-पाच माणसं तरी. आपल्याला माहीत असतात का? नसतात, कारण सांगितलंच जात नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार असलेल्यांच्या लग्नावर बोट ठेवणारा शब्द होता, तो १९९९ साली काढला. कायद्यातून गेला, स्थळं बघताना तो अजून दबक्या आवाजात येतोच. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा गट सुरू केला तो या दबक्या आवाजाला उत्तर म्हणूनच.

आपल्या देशातलं या आजाराचं एक कारण पाश्चात्त्य पुस्तकांच्या कोपऱ्यात असायचं. मुलाला एका हाताची फिट येते, स्कॅनमध्ये मेंदूत अंगठीसारखं छोटं वर्तुळ दिसतं. फार काळ याला क्षयाची गाठ समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या चंडी आणि राजशेखर यांनी दाखवलं की बहुतेकदा ते पट्टकृमीचं मरू घातलेलं पिल्लू असतं. या जंताची अंडी डुकराच्या मांसातून नव्हे, तर दूषित हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. तरीही कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरातल्या मुलाच्या मेंदूत ते सापडलं की आईवडील डॉक्टरांकडे संशयाने बघतात. बहुतेकदा काही महिन्यांत वर्तुळ विरून जातं. तोवर झटके रोखून धरायला पुन्हा एकच औषध.

सर्रास वापरातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त औषध अजून हाउप्टमानचंच, आणि त्याच्यावरून झालेलं भांडण मला फार बोलकं वाटतं. लंडनमध्ये नव्याने निदान झालेल्या १६७ मुलांवर चार औषधांची तुलना झाली, प्रत्येकाला एकच. फिनोबार्बिटल दिलेल्या पहिल्या दहांपैकी सहा मुलांचं औषध दुष्परिणामांमुळे बंद करावं लागलं आणि त्यापुढे ते कुणाला दिलंच नाही. हे १९९६ साली छापून आलं. दोनच वर्षांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांचा अभ्यास आला, फिनोबार्बिटल विरुद्ध फेनिटॉइन. वर्तनाच्या तक्रारींत फरक सापडला नाही. मग खरं काय? बंगालमध्ये कोणतं मूल काय घेतंय हे तपासणाऱ्यांपासून लपवलं होतं, लंडनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ‘हे जुनं औषध मुलांना चिडचिडं करतं’ असं आधीच ठरवून बसलो तर प्रत्येक हट्ट त्याच्या खात्यावर जातो. पण मुलाला नीट अभ्यास करता येत नाही हे लंडनच्या आईला जसं चटकन खुपतं, तसं गाव-खेड्यात खुपतंच असं नाही, हेही मला नाकारता येत नाही. एक नक्की: लंडनच्या त्या अभ्यासात चारही औषधांची झटके रोखायची ताकद जवळपास सारखी निघाली. फरक होता तो सोसण्यात.

मोठ्यांचं औषध अर्धं करून मुलाला द्यावं, ही समजूतही इथे मोडते. वजनाच्या मानाने मुलांचं यकृत मोठ्यांपेक्षा झपाट्याने औषध संपवतं, म्हणून किलोमागे त्यांना जास्तच लागतं. फेनिटॉइनचा तर आणखी एक खट्याळपणा आहे. दादर स्टेशनच्या तिकीट खिडक्या आठवा. गर्दी कमी असते तोवर दहा माणसं जास्त आली तरी रांग वाढत नाही. सगळ्या खिडक्या भरल्या की पाच माणसं जादा आली तरी रांग पुलापर्यंत जाते. फेनिटॉइन पचवणारी यकृतातली यंत्रणा अशीच भरून जाते. मग डोस किंचित वाढवला तरी रक्तातलं प्रमाण भलतंच चढतं, आणि मूल दारूच्या नशेत असल्यासारखं लडखडतं. त्यात पातळ औषध बाटलीत खाली बसतं. न हलवता दिलं तर वरचे डोस पाणचट, तळचे जहाल. ‘बाटली हलवून घ्या’ या तीन शब्दांमागे एवढं रसायनशास्त्र आहे.

लालबागच्या आपल्या मुलीच्या घरी बाटली दोन वेळा हलते, सकाळी शाळेआधी आणि रात्री. सिरिंजवरची खूण तिच्या वजनाबरोबर वर सरकत जाते. काही आठवड्यांत शुद्धलेखनातले शब्द परत येतात. गणपतीत तिला जागू देत नाहीत, त्यावरून रडारड होते. दोन वर्षं एकही झटका नाही, भिरभिरंही पूर्ण तीन मिनिटं फिरलं, तेव्हा डॉक्टर औषध बंद करायचा विषय काढतात. एकदम नाही. एकदम सोडलं तर मेंदू उसळून उठतो. म्हणून पाच मिली, मग चार, मग तीन, काही महिने घेत. दोन वर्षं झटक्यांशिवाय गेलेल्या मुलांपैकी साधारण तीनात दोन औषध थांबल्यावरही बरी राहतात. ज्यांचा आजार परततो, त्यांचा बहुतेकदा पहिल्या वर्षभरातच.

शेवटच्या भेटीत डॉक्टर चिठ्ठीवरची ती ओळ खोडतात. आजी चष्मा वर करून कागद पुन्हा उलटापालटा करते.

‘म्हणजे आता एकही नाही?’